मालनकाकूंचा उलटा मोसम

एडनला नवरे असलेल्या तीन बायका आमच्या लालबागच्या चाळीत होत्या. एप्रिल उजाडला की त्यांतल्या दोघी बोटीनं घरी यायच्या, कारण तिकडच्या उन्हाळ्यात सावलीतल्या भांड्याला हात लावला तरी चटका बसतो. तिसरी, मालन तावडे, नेमकी त्याच सुमारास ट्रंक भरून तिकडे निघायची. थंडीच्या तोंडावर त्या दोघी नवऱ्याकडे परत जायला निघाल्या की ही घरी यायची. चाळीत याची चर्चा व्हायचीच. तिची सासू सुंदराबाई मात्र नळावर उभी राहून ठणकावून सांगायची, "माझ्या सुनेचा डोक्या ठिकाणावर आसा. तिचो मोसम उलटो आसा, इतक्याच."

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आमची खोली त्यांच्या खोलीला लागून. मालनकाकूंनी हा उलटा मोसम का धरला, ते मी थोडं डोळ्यांनी पाहिलं आणि बरंचसं पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं.

काकूंचं माहेर गिरगावातलं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे घरात दुसरं काही नसलं तरी छापील कागदाला तोटा नव्हता. मुलीला त्यांनी हट्टानं मॅट्रिकपर्यंत शिकवलं. त्रेपन्न साली लग्न होऊन ती लालबागला आली. तिचे यजमान राजारामकाका आधी मिलमध्ये फिटर होते, मग एडनला जहाजांना तेल भरणाऱ्या एका कंपनीत लागले. एडन तेव्हा इंग्रजांचं. विलायतेहून येणारी-जाणारी बहुतेक बोट तेलासाठी तिथं थांबायची आणि उतारू चार-सहा तास गावात मोकळे फिरायचे. कंपनीनं कुटुंबासाठी खोली दिली, तशा चोपन्न साली काकूही तिकडे गेल्या.

खोली बंदरापासून लांब, डोंगरापलीकडच्या जुन्या गावात होती. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलेलं गाव, सगळीकडे काळे कोरडे कडे. काका कामावर गेले की काकूंना दिवस खायला उठायचा. ऊन उतरलं की त्या कड्याखालच्या जुन्या टाक्यांकडे फिरायला जायच्या. पावसाचं पाणी साठवायला कुणी कधीकाळी बांधलेल्या त्या प्रचंड दगडी टाक्या, एकीखाली एक अशा उतरत गेलेल्या. त्यांत पाणी क्वचितच असायचं, पण भोवती चार झाडं होती आणि त्या गावात झाडाची सावली ही मोठी गोष्ट होती.

एके दिवशी तिथं एक इंग्रज म्हातारी बाई एकटीच भांबावून उभी होती. बरोबरचे लोक मोटारीनं पुढे निघून गेले होते. काकूंची साडी दिसताच ती सरळ त्यांच्याकडे आली आणि तिनं विचारलं, "या टाक्या कुणी बांधल्या?"

काकूंना इंग्रजीत मार्क चांगले होते, पण इंग्रजी बोलायची वेळ आयुष्यात आली नव्हती. त्यांनी धीर करून म्हटलं, "राणीनं."

"कुठल्या राणीनं?"

"फार जुनी राणी होती." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बाई इतकी मन लावून ऐकत होती की काकूंना चेव चढला. राणीचे हत्ती इथं पाणी प्यायला यायचे, असं त्यांनी ठोकून दिलं. बाईनं पर्समधून वही काढून ते लिहूनही घेतलं. मग पापक्षालन म्हणून की काय, त्यांनी तिला बसनं बंदरापर्यंत नेऊन बोटीच्या शिडीशी सोडलं.

दुसऱ्या दिवशी टाक्यांवरचा राखणदार सालेह त्यांची वाटच पाहत होता. म्हातारा तरुणपणी मुंबईच्या गोदीत राहिलेला, हिंदुस्थानी छान बोलायचा. तो म्हणाला, "बाई, काल तुम्ही इथं हत्ती आणलेत. या कड्यावर चढवलेत कसे?"

काकू ओशाळल्या. सालेहनं त्यांना पायरीवर बसवलं आणि टाक्यांबद्दल त्याला होती ती सगळी माहिती सांगितली. पाणी कुठून यायचं, गाळ कुठं अडायचा, इंग्रजांनी त्या कधी उपसून काढल्या. मग म्हणाला, "जे ठाऊक आहे ते ठाम सांगा. जे लोक सांगतात ते, लोक सांगतात म्हणून सांगा. आणि ठाऊक नसलं तर नाही म्हणा. बोट सुटली की माणूस परत विचारायला येत नाही, म्हणून तर जास्त जपायचं."

त्या दिवसापासून काकूंची शाळा सुरू झाली. बोट लागली की सालेह उतारूंमधल्या बायकांना त्यांच्याकडे पाठवायचा. वर्षभरात काकूंचं इंग्रजी सुटं झालं, थोडी अरबीही आली. राजारामकाका एकदा जेवताना म्हणाले, "गावभर लोकांना टाक्या दाखवतेस. मला अजून दाखवल्या नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" काकू म्हणाल्या.

इकडे मुंबईत मराठी राज्याच्या मागणीनं ते दिवस धगधगते होते. छप्पन्नच्या जानेवारीत गिरगाव, परळ, लालबागला गोळ्या चालल्या. ती बातमी काकूंना एडनला मराठी पेपरातून कळली, आठ दिवस उशिरा. माहेर गिरगावात, सासर लालबागला. दोन्हीकडचं पत्र येईपर्यंत त्या रोज टपालकचेरीत जाऊन विचारायच्या. दोन्हीकडे सगळे सुखरूप होते. सुंदराबाईंनी तर शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं की, मी मोर्चात जाते, काळजी करू नका, एकटी जात नाही, हजारभर बायका असतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझचा कालवा बंद पडला. एडनला बोटी येईनात. कंपनीनं काकांना दुरुस्तीच्या कामावर घातलं, पण कुटुंबाची खोली काढून घेतली. काकू डेकच्या तिकिटावर मुंबईला परतल्या आणि एडनचं आपलं संपलं असंच समजल्या.

लालबागला येऊन महिना झाला असेल. त्या माहेरी गेल्या असताना शाळेत त्यांना इतिहास शिकवणारे शामराव सर भेटले. सर निवृत्त झाले होते आणि रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचत. त्यांनी एक कात्रण पुढे केलं. परदेशी प्रवाशांना मुंबई दाखवण्यासाठी सरकारला वाटाडे हवे होते. त्यांना गाइड म्हणत. सहा आठवड्यांचा वर्ग, शेवटी परीक्षा, मग परवाना.

"स्त्रियांनीही अर्ज करावा, असं लिहिलंय," सर म्हणाले. "एडनला फुकट करत होतीस ते इथं रीतसर कर."

घरी सासूला विचारायचं मोठं दडपण होतं. सुंदराबाई तेव्हा मिलमध्ये वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. आठ तास उभं राहून आलेल्या बाईला सांगायचं की मला गोऱ्या लोकांना घेऊन हिंडायचंय. काकूंनी चार दिवस घोळवून एकदाचं सांगितलं. सुंदराबाईंनी एकच प्रश्न केला, "चालत जावचा की मोटारीत?"

"बसमध्ये, आई."

"मगे जा. माझ्या पायांचा झाला ता तुझ्या पायांचा नको होवक."

वर्गात बहुतेक मुलं-मुली कुलाबा, मलबार हिलची. इंग्रजी पाण्यासारखं बोलणारी. काकू मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घेत आणि घरी येऊन घोकत. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. गेटवे किती फूट उंच आणि कुणाच्या स्वागतासाठी बांधला, हे मला इंग्रजीत पाठ झालं ते त्या भिंतीतून. अर्थ कळायला पुढे चार वर्षं गेली.

परीक्षेच्या दिवशी साऱ्यांना बसमध्ये बसवलं आणि शहरभर फिरवत एकेकाला बोलायला लावलं. काकूंची पाळी येईपर्यंत गेटवे, म्युझियम, चौपाटी सगळं इतरांच्या वाट्याला जाऊन संपलं होतं. बस महालक्ष्मीच्या पुलावर आली. परीक्षक खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "समजा मी पाहुणा आहे. त्या चिमण्या कसल्या? तिथं कोण काम करतं? ती माणसं राहतात कुठं, खातात काय?"

काकूंनी वही आठवून पाहिली. वहीत चिमण्या नव्हत्या. परीक्षकांनी एक मिनिट वाट पाहिली आणि पुढचं नाव पुकारलं.

नापास झाल्याचं सांगायला त्या शामराव सरांकडे गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी सासू कुठं कामाला आहे?"

"मिलमध्ये."

"तू राहतेस कुठं?"

काकूंना रडू येत होतं, त्यात हसूही आलं. सर म्हणाले, "पुस्तक घोकणारे त्यांना पुष्कळ मिळतील. तू घरी जाऊन सासूची शिकवणी लाव."

आणि त्यांनी खरंच लावली. संध्याकाळी सुंदराबाई गॅलरीत पाय पसरून बसत आणि काकू वही घेऊन प्रश्न विचारत. सूत पुठ्ठ्याच्या कोनावर कसं चढतं, कुठल्या खात्यात बायका आणि कुठल्यात पुरुष, पाळीचे भोंगे, कोकणातून आलेला माणूस पहिल्यांदा कुणाच्या खोलीत उतरतो. सुंदराबाईंना आधी ही थट्टा वाटली. मग त्यांना रंग चढला. शेजारपाजारचे बसून भर घालू लागले, भांडूही लागले.

त्या बदल्यात सुंदराबाईंनी एक मागणं घातलं. "तू म्हणतंस घारापुरीक मोठो देव आसा. माका दाखव."

दोघी एका रविवारी लाँचनं गेल्या. सुंदराबाईंनी पिशवीत नारळ, फुलं, उदबत्ती सगळं घेतलं होतं. लेण्यात शिरून ती तीन मुखांची मूर्ती पाहताच त्यांनी पदर सावरून हात जोडले. मग पिशवी उघडली. तिथला पहारेकरी धावत आला. "आजी, इथं पूजा होत नाही."

"देव आसा ना ह्यो?"

"आहे."

"मगे पूजा कशी नाय होत? तो काय सुट्टीवर आसा?"

शेवटी तडजोड झाली. उदबत्ती लावायची नाही, नारळ बाहेर फोडायचा आणि फूल पायरीशी ठेवायचं. खोबरं पहारेकऱ्यालाही मिळालं. काकू बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. मूर्तीची उंची आणि शतक त्यांना पाठ होतं, पण तिच्यासमोर माणसानं काय करायचं असतं, ते त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

पावसाळ्यानंतर त्या पुन्हा परीक्षेला बसल्या. तेच परीक्षक, तीच बस. या वेळी त्यांना घारापुरीबद्दल विचारलं. काकूंनी मूर्तीची माहिती सांगितली आणि मग सासूची आणि पहारेकऱ्याची हकीकत सांगितली. परीक्षक हसले, मग चिमण्यांबद्दलही विचारायला लागले, आणि काकूंना थांबवता थांबवता बस बॅलार्ड पियरला येऊन पोचली. काकूंना परवाना मिळाला. छातीवर लावायचा बिल्लाही मिळाला. तो आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत हातात घेऊन बघितला गेला.

अठ्ठावन्नच्या जानेवारीतली गोष्ट. काकू अकरा पाहुण्यांना कान्हेरीची लेणी दाखवून परत आणत होत्या. दादर, परळ मागे टाकून बस लालबागला आली आणि थांबली. पुढे मोर्चा होता. ड्रायव्हर रामजी म्हणाला, "बाई, मागं फिरवतो." पण तेवढ्यात साडेतीनचा भोंगा झाला, पाळी सुटली आणि मागचा रस्ताही माणसांनी भरून गेला. बस दोन गर्दींच्या मध्ये अडकली.

पाहुणे बावरले. खिडक्या भराभर वर झाल्या. ऑस्ट्रेलियातली एक उंच शिक्षिका पुढच्या बाकावर होती. तिनं विचारलं, "ही माणसं कुणावर रागावली आहेत?"

वर्गात बजावलेलं होतं की राजकारणावर चकार शब्द बोलायचा नाही. काकू म्हणायच्या, "त्या क्षणी मला वाटलं, गप्प बसले तर पुन्हा नापास." त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. इथली माणसं मराठी बोलतात. त्यांना त्यांच्या भाषेचं राज्य हवं आहे आणि हे शहर त्यात हवं आहे. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की हे शहर सगळ्यांनी मिळून उभं केलं आहे. तेही त्यांनी सांगितलं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" शिक्षिकेनं विचारलं.

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. बायकांची फळी जवळ आली होती. "त्या पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यातली बाई दिसते ना, हातात पाटी घेतलेली? ती माझी सासू."

अकराच्या अकरा माणसं एका बाजूला आली. बस तिकडे कलली की काय असं रामजीला वाटलं. एवढ्यात सुंदराबाईंनीही सुनेला पाहिलं. पाटी शेजारणीच्या हातात देऊन त्या सरळ बसच्या दाराशी आल्या.

"मालन, ही माणसां कोण गो?"

"पाहुणे आहेत, आई. बोटीवरचे. रस्ता बंद आहे म्हणून अडकलो."

"मगे त्यांका उन्हात कित्याक बसवन ठेवलंस? घर काय लांब आसा?"

मोर्चातल्या बायकांनी हाताला हात धरून वाट करून दिली आणि अकरा गोरी माणसं आमच्या चाळीचे लाकडी जिने चढून तिसऱ्या मजल्यावर आली. तो गोंधळ मला आजही जसाच्या तसा दिसतो. कप सात खोल्यांतून गोळा झाले, त्यांतले आमचे दोन कानतुटके होते. कुणी सतरंजी आणली, कुणी घावणे घालायला बसलं. एक अगडबंब अमेरिकन गृहस्थ गॅलरीच्या कठड्याला टेकायला गेले, तेव्हा चाळीतले चारजण त्यांना धरायला धावले.

शिक्षिकेनं सुंदराबाईंना काकूंमार्फत त्यांच्या कामाबद्दल विचारलं. सुंदराबाई म्हणाल्या, "तिका सांग, धागो तुटलो तर मी बघूचंय नाय. नुसत्या आवाजावरून ओळखतंय."

ते इंग्रजीत ऐकून शिक्षिकेनं त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. अमेरिकन गृहस्थांनी विचारलं, "शहर तुम्हाला नाही मिळालं तर काय कराल?"

"परत मोर्चात जाईन. माका खंय बोट पकडूची आसा?"

त्यावर सगळ्यांत जास्त हसले ते पाहुणेच. बोट मात्र त्यांना पकडायची होती. ती त्यांना मिळाली, अगदी शेवटच्या घटकेला.

दुसऱ्या आठवड्यात परवाना देणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांनी सभ्यपणे पण खडसावूनच सांगितलं. ठरलेली ठिकाणं सोडून कुठंही थांबायचं नाही, कुणाच्या घरी न्यायचं तर नाहीच नाही. काकूंनी चूक कबूल केली. मग म्हणाल्या, "साहेब, ठिकाणांच्या यादीत लालबाग घालता येईल का?"

साहेबांना हसू आवरलं नाही. यादीत लालबाग काही आलं नाही. पण रामजी त्या नाक्यावर बस फार हळू चालवायला लागला, आणि त्याविरुद्ध कुठं नियम नव्हता.

आता उलट्या मोसमाचं. मुंबईत प्रवासी यायचे ते थंडीत. उन्हाळा आणि पावसाळा कामाविना. तिकडे कालवा सुरू झाल्यावर काकांचं जुनं काम परत मिळालं, पण खोली मिळेना. काकांनीच पत्रात युक्ती कळवली. उन्हाळ्यात सगळ्यांच्या बायका देशी जातात, खोल्या ओस पडतात. आपल्या चाळीतल्या लक्ष्मीचे यजमान पाच महिने मित्राकडे राहायला तयार आहेत. तुला उकाडा सोसणार असेल तर ये. काकूंनी उलट टपाली लिहिलं, उकाडा सोसेन, पण टाक्या बघायला तुम्ही बरोबर यायचं.

तेव्हापासून ठरूनच गेलं. एप्रिल संपत आला की एडन, नवरात्राच्या सुमारास लालबाग. पावसाळी दर्या खवळायच्या आत निघायचं आणि तो शांत झाला की परतायचं. तिकडून येताना त्या आम्हा मुलांना खजूर आणायच्या आणि इथून जाताना सालेहसाठी कुळथाचं पीठ न्यायच्या. त्याला त्या पिठाची आमटीसारखी पिठी इतकी आवडली होती की तो स्वतः करायला शिकला. इकडच्या पाहुण्यांना त्या एडन सांगायच्या, तिकडच्या उतारूंना मुंबई. विलायतेहून येणारे काहीजण तर एडनला काकूंना भेटून मुंबईला उतरल्यावर कुणाला शोधायचं ते विचारून घ्यायचे.

साठ साली काकूंनी बोट एकदा पुढे ढकलली. एक मे आणि त्याचा सोहळा टाकून जायचा प्रश्नच नव्हता. घरोघरी पणत्या होत्या, लेझीम होतं, नाक्यानाक्यावर पेढे. सुंदराबाईंनी नवं लुगडं नेसून आमच्या अख्ख्या मजल्याला स्वतः साखर वाटली. तिसऱ्या आठवड्यात काकू निघाल्या. सुंदराबाई त्यांना पोचवायला धक्क्यावर आल्या होत्या. सुनेला म्हणाल्या, "थंय सगळ्यांक सांग."

त्या वर्षी दर्या लवकर खवळला. पाच दिवस डेकवर सगळे आडवे होते. एडनला उतरल्यावर काकू कागद दाखवायच्या रांगेत उभ्या राहिल्या. आदल्या सगळ्या खेपांना त्यांनी फॉर्मात राहण्याचं राज्य 'बॉम्बे' लिहिलं होतं. या वेळी त्यांनी स्वच्छ अक्षरांत 'महाराष्ट्र' लिहिलं.

टेबलामागचा इंग्रज अधिकारी कोवळा होता, नुकताच आलेला. त्यानं तो शब्द दोनदा वाचला. "बाई, असं राज्य माझ्या यादीत नाही."

"तीन आठवड्यांपूर्वीच झालंय," काकू म्हणाल्या. "यादी जुनी असेल."

"कुठं आहे हे?"

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. रांगेत त्यांच्या मागे वीस-बावीस माणसं होती, त्यांत रत्नागिरीकडची पाच-सहा. पलीकडे कठड्यापाशी राजारामकाका छत्री घेऊन उभे होते. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, पण बायकोनं पिशवी खाली ठेवलेली त्यांनी पाहिली आणि आता वेळ लागणार हे ओळखून ते छत्री मिटून कठड्यावर बसले.

"सांगते," काकू त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "नकाशा आहे का तुमच्याकडे?"